बारा रेषांची निळाई

डोंगरउतारावरच्या एका गावात रेवती नावाची सून होती. लग्न होऊन आली त्याच वर्षी तिनं नेम धरला. दर एकादशीला गावविहिरीची पूजा करायची, गाठी मारलेला दोर आत सोडायचा आणि पाणी किती हात आहे ते वहीत लिहायचं. कधी अडचण असली तर धाकट्या नणंदेला, शालनला धाडायची. पण बारा वर्षांत एकही नोंद चुकली नाही.

विहीर आटत चालली होती. सरपंच तात्यांना मात्र ते पटेना. "पाणी काय, कमीजास्त होतंच," म्हणत त्यांनी विहिरीलगत आपल्या केळीसाठी तीन बोअर घ्यायचं ठरवलं. ग्रामसभा आठ दिवसांवर आली.

शालन शाळेत संगणक शिकवायची. सभेत दाखवायला दोघींनी मिळून वहीतल्या नोंदींवरून बारा वर्षांच्या बारा रेषा संगणकावर काढल्या. संगणकानं रेषांना आपल्या मनचे रंग दिले. रंग दहाच होते, म्हणून अकरावी रेष पुन्हा पहिलीसारखीच निघाली.

"वहिनी, ही तर रंगपंचमी झाली!" शालन हसली. "जुनं कुठलं नि नवं कुठलं, देवालाच ठाऊक."

"मग देवालाच विचारते," रेवती म्हणाली.

चातुर्मास चालू होता. सकाळी देवापुढं गोपद्मं काढताना ती ओळीगणिक रांगोळीत चिमूट चिमूट नीळ वाढवत होती. एकाएकी हात थांबला.

"शालन, ऊठ! एकच निळा घे. पहिलं वर्ष फिकं, मग दर वर्षी थोडं गडद."

तसं केलं आणि पाणी पायरी पायरीनं उतरताना दिसू लागलं. सातवी रेष तेवढी मध्येच वर चढली होती.

"ही पुसूया," शालन म्हणाली. "तात्या नेमकं हिच्यावरच बोट ठेवतील."

रेवतीला क्षणभर मोह झाला. विहीर वाचवायची होती ना! मग तिनं वही कपाळाला लावली. "दोरानं सांगितलं ते मी लिहिलंय. त्यातलं एकही पुसायचं नाही."

सभेत तात्यांनी बोट ठेवलंच. "मग हे पाणी कसं चढलं, सूनबाई?"

रेवतीनं पदर सावरून वही उघडली. "तात्या, पाऊस त्या वर्षी नेहमीइतकाच होता. पण आपण सगळ्यांनी ओढ्याला बांध घातला होता. पुढच्या पुरात तो वाहून गेला, आणि पुन्हा कुणी घातला नाही."

"अगं बाई, खरंच की!" मागून एक म्हातारी ओरडली. "मीच वाहिलेत त्याला दगड!"

सगळे हसले. तात्याही हसले. "म्हणजे बांध घातला तर माझ्या केळीलाही पाणी पुरेल म्हणतेस?"

"पुरेल. पहिला दगड तुम्ही ठेवा."

बोअर घ्यायचे राहिले, बांध झाला. पुढच्या वर्षी तेरावी रेष सगळ्यांत गडद निघाली, आणि सातवीच्याही वर गेली.

तात्पर्य: आपल्याला अडचणीचं वाटणारं सत्यही पुसू नये; पुढची वाट कित्येकदा तेच दाखवतं.