सगुणाबायचा चिरा

नांदखोलच्या सड्यावर, म्हणजे गावावरच्या कातळपठारावर, शाळेच्या मागून थोडे चालत गेले की जांभ्या दगडाचे चिरे काढायची जुनी खाण लागते. खाण बंद पडून जमाना झाला. तीन बाजूंना कापलेल्या तांबड्या कातळाच्या भिंती आहेत, त्यांच्या फटींतून गवत उगवलेले आहे, चौथी बाजू समुद्राकडे उघडी आहे, आणि बरोबर मधोमध एकच खांब उभा आहे. तो कुणी बांधलेला नाही. भोवतालचा सगळा कातळ माणसाने काढून नेला आणि एवढाच मागे ठेवला. दोन पुरुषांहून उंच. त्याच्या अंगाला फुटक्या चिऱ्यांच्या पायऱ्या रचल्या आहेत, कुठल्याही गवंड्याला लाज वाटेल इतक्या वेड्यावाकड्या. या खांबाला गाव सगुणाबायचा चिरा म्हणते.

बाहेरगावच्या शाळांच्या सहली येतात तेव्हा गावातले म्हातारे भिकूतात्या इथली गोष्ट सांगायला येतात. तात्यांचे गुडघे आता चढ मानत नाहीत. ते आधी खालच्या पायरीवर बसतात, पाणी पितात, आणि पोरे गप्प होईपर्यंत समुद्राकडे बघत राहतात. पोरांना गप्प ते करत नाहीत. मग थकल्या आवाजात सुरू करतात.

पूर्वी, असे सांगतात, शाळा खाली खाडीकाठी होती आणि खाण वर सड्यावर. खाणीत राबणाऱ्यांच्या पोरांना शाळेची वाट लांब पडे, म्हणून ती खाणीतच वाढत. धूळ खात, ओरडा खात. त्या माणसांत सगुणा आणि धाकू ही बहीणभाऊ होती. आईबाप साथीत गेले तेव्हा धाकू रांगत होता म्हणे. सगुणानेच त्याला कडेवर वाढवला. ती लहानपणी मामाकडे राहून थोडी शाळा शिकली होती आणि येताना मास्तरांनी दिलेले एक पुस्तक घेऊन आली होती. गोष्टीचे होते. कासवाची अंडी वाळूत उबतात, सगळी पिल्ले समुद्राकडे पळतात, आणि एक पिल्लू सगळ्यांच्या मागून, उशिरा बाहेर येते. वाटेत खेकडे, वर घार, आणि समुद्र लांब. एवढीच गोष्ट. पण सड्यावरून समुद्र रोज दिसायचा, त्यामुळे पोरांना ती आपल्या दारातली वाटे.

दुपारी भाकरी खाऊन झाली की सगुणा खाणीच्या मधल्या उंचवट्यावर बसून वाची. पोरे भोवतीच्या कापलेल्या कातळावर बसत. हळूहळू तिने वाचणे कमी केले आणि पुस्तक पोरांच्या हाती दिले. आज ह्या झोपडीत, उद्या त्या. कणगीवर ठेवलेले पुस्तक दुसऱ्या घरी न्यायचे तर आधी आपण वाचलेले त्या घरच्यांना सांगायचे, असा तिचा दंडक. त्या एका पुस्तकावर सड्यावरची सगळी पोरे वाचायला शिकली. ती सगळी बाय म्हणून तिच्यामागे फिरत.

शिकला नाही तो धाकू. त्याचे डोके तापट, हात चपळ. ती अक्षरे गिरवायला बसवी आणि तो टिकाव उचलून पळे. "चिरा काय माझं नाव विचारतो काय गो?" म्हणे. ती हसे. "चिरा नाय विचारणार. पुस्तक विचारील," म्हणे, आणि सोडून देई. कधी बसलाच तर एकेक अक्षर धरून धरून तो अर्धी ओळ लावी, मग कपाळाला घाम येई आणि पुस्तक मिटून तो उठे.

शिमगा होऊन गेला होता. एका पोराला बसायला जागा नव्हती म्हणून सगुणाने कडेचा एक सैल चिरा उचलला. खाली फुरसे होते. सड्यावरचा हा साप केवढासा, वीतभर. पण त्याचे विष उतरत नाही. धाकू तिला पाठीवर घेऊन घाटी उतरला. खाडीपर्यंत पोचला, तेव्हा पाठीवरचे ओझे जड झाले होते.

तिला स्मशानात पोचवून तो वर आला तो सरळ पोरांत शिरला आणि पुस्तक हिसकावून घेतले. म्हणाला, "ह्याच्यापायी गेली ती. ह्याच्यापायी आणि तुमच्यापायी." पोरे मागे सरली. त्याने पुस्तक तिच्या लुगड्याच्या धडप्यात बांधले, ती बसायची त्या उंचवट्यावर ठेवले आणि वर दगड दिला. जाळावे असे त्याच्या मनात आले होते म्हणे. हात धजला नाही.

दुसऱ्या दिवशी मुकादमाने तो उंचवटा काढायला सांगितला.

"तेवढा नाय निघणार," धाकू म्हणाला.

"अरे, मधोमध हाय तो. गाडी फिरायची कुठून?"

"माझ्यावरून फिरवा."

मुकादमाने त्याच्या डोळ्यांकडे बघितले आणि गाडी कडेने फिरवायला सांगितली.

मग धाकू कामाला लागला. असे काम त्या खाणीत कुणी केले नसेल. चर मारायचा, चिरा सोडवायचा, उचलायचा, बाजूला ठेवायचा. पुन्हा चर. त्या उंचवट्याच्या चारी बाजूंनी तो खाली खाली जात राहिला. दुसऱ्या कुणाला तिथे हात लावू देईना. एक थर गेला, पुस्तक पोरांच्या कमरेला आले. आणखी थर गेले, ते डोक्याच्या वर गेले. पोरे यायची, मान वर करून बघायची, जायची. तानी म्हणून एक चिमुरडी होती, जिभेने तिखट. ती एकदा म्हणाली, "काका, तू खाली चाललास काय पुस्तक वर चाललं?" धाकूने ढेकूळ उचलले. ती पळाली.

पण बोललेले राहिले. एका दुपारी त्याने स्वतःच हात वर केला आणि त्याच्या ध्यानात आले, आपलाही हात पोचत नाही. तो तिथेच खाली बसला. रडू आले नाही. त्याला नुसते दमायला झाले. इतके दमायला झाले की टिकाव कुठे पडला ते त्याने पाहिले नाही. राग होता तोवर हात चालत होते. आता राग संपला होता आणि बहीण तरी नव्हतीच.

मिरगाचा पाऊस तोंडावर आला. खाण उठायची वेळ झाली. दुसऱ्या दिवशी माणसे आपापल्या गावी जाणार, आणि पुढच्या साली पुन्हा इथेच येणार होती असे नव्हे. झोपड्यांवरची माडाची झापे उतरू लागली. धाकू भिंतीला पाठ लावून बसला होता. पोरे फुटके चिरे ओढत आणताना त्याने पाहिली. हातभर चिरा, तो चौघांनी मिळून घसपटत आणायचा आणि खांबाला लावायचा. वर दुसरा. तो ढासळला की पुन्हा. उठून हाकलावे इतकी ताकद त्याच्यात नव्हती. पुस्तक हवे तर नेवोत, असे त्याला वाटले. निदान पावसात कुजणार नाही.

दिवस कलला तेव्हा तानी वर चढली आणि गाठोडे घेऊन उतरली. पोरे पुस्तक घेऊन पळाली नाहीत. ती सगळी त्याच्यापुढे येऊन बसली. तानीने धडपा सोडला, पुस्तकाचे शेवटचे पान उघडले आणि त्याच्या मांडीवर ठेवले.

"हे वाच."

"तुम्हांला येतं ना वाचता? वाचा आणि जा."

"हे पान आम्ही नाय वाचलं," तानी म्हणाली. "कुणीच नाय. बाय रोज ह्या पानाशी थांबायची. आम्ही म्हणायचो, वाच गो, पिल्लू पोचलं काय सांग. ती म्हणायची, हे धाकूचं पान हाय. तो वाचील तवा तुम्हांला कळेल. तोवर गोष्ट संपवायची नाय, असं तिनं देवीला बोललंय."

धाकू पानाकडे बघत राहिला. पुस्तकाची बाकीची पाने पोरांच्या बोटांनी मळून पिवळी झाली होती. हे एक कोरे करकरीत होते.

"मला येत नाय वाचायला," तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा म्हणाला.

"ठाऊक हाय," तानी म्हणाली. "आम्ही थांबतो."

मग त्याने वाचले. बोट ठेवून, एकेक अक्षर उचलून, जसा चिरा उचलतात तसे. एक अक्षर लागे, दुसरे हातातून निसटे, की तो पुन्हा पहिल्यापासून धरी. एका जोडाक्षरापाशी तो इतका अडला की एका पोराचे ओठ उघडले. तानीने त्याच्या तोंडावर हात ठेवला. झापे उतरवणारी माणसे खाली येऊन उभी राहिली. मुकादमही आला. सूर्य तेव्हा समुद्राला टेकला होता, आणि असे सांगतात की धाकूचे पान संपेपर्यंत तो बुडाला नाही. तसाच टेकून थांबला.

पानावर होते ते इतकेच. पिल्लू पोचले तेव्हा वाळूवर कुणीच उरले नव्हते. पण समुद्र कुठे गेला नव्हता. तो उशिरा येणाऱ्यांसाठीही तिथेच होता.

शेवटचा शब्द लागला तेव्हा धाकू रडला. तो बराच वेळ रडत होता आणि पोरे उठली नाहीत. नंतर त्याने पुस्तक मिटून तानीच्या हाती दिले. "ने," म्हणाला. "पुढच्याला सांगून दे."

तात्या इथे थांबतात. कुणीतरी विचारतेच, "सूर्य खरंच थांबला होता का?" तात्या गुडघा चोळतात. "पोरांना वाचायला बसवून बघा," म्हणतात. "दिवस हलतच नाही."

आजही त्या खांबाला कुणी टिकाव लावत नाही. पायऱ्या ढासळल्या की शाळेची पोरेच त्या पुन्हा रचतात, आणि वाकड्याच रचतात. आजही दर वर्षी, मिरगाच्या आधी, नांदखोलची पोरे वर्षभर घरोघर फिरलेली पुस्तके घेऊन इथे बसतात. ज्याने जे वाचले ते तो पुढच्याला सांगून देतो. शेवटचे पान मात्र सगळ्यांत जास्त अडखळणाऱ्याचे. ते दुसऱ्या कुणी आधी वाचायचे नाही, आणि मध्ये कुणी सांगायचे नाही.

यंदा त्याच दिवशी एक सहल आली होती, आणि त्या पानाचा मान पाहुण्यांतल्या एका मुलीला मिळाला. ती दुसऱ्याच शब्दाला अडली. तिच्या बाईंना राहवले नाही. त्या पुढे वाकून शब्द सांगणार, एवढ्यात तात्यांनी हात वर केला. बाई मागे सरल्या. मुलगी लाल होऊन पुस्तक मिटू लागली.

"मिटू नको गो," मागून गावातल्या पोरांपैकी कुणीतरी म्हणाले. "आम्ही थांबतो."

तात्यांनी पायरीला पाठ टेकली आणि डोळे मिटले. मुलीने बोट पुन्हा पहिल्या अक्षरावर ठेवले.