गाळला गेलेला तंबोरा

एकदा एक तंबोरे घडवणारे आजोबा होते, त्यांचा एक शिष्य होता आणि नदीपलीकडच्या गावी भोपळ्यांचा मळा राखणारी त्यांची एक बहीण होती. आजोबांचं नाव बसवंतआबा, शिष्याचं चिदानंद, आणि बहिणीला सारे गौराक्का म्हणत. आबांचा मुलगा शंकर पुण्यात राहून गिऱ्हाईक सांभाळी. घर एक, पण माणसं तीन ठिकाणी.

त्या साली परदेशातल्या एका संगीतशाळेने तंबोऱ्यांच्या जोड्या मागवल्या. हे काम वेळेवर गेलं तर कारखान्याचं दार उघडं राहणार होतं. नाही गेलं तर शंकर कुठेतरी नोकरी धरणार आणि आबा दाराला कुलूप लावणार, असं घरात बोलूनही झालं होतं.

चिदानंद कामाला भिडला. मोबाइलवर ग्रुप केला, रोज सकाळी व्हिडिओवर मिटिंग सुरू केली. आबांना त्याचं फार कौतुक. येईल त्याला सांगत, “अरे, पूर्वी भोपळा पसंत करायला मी एसटीने जाता-येता दिवसभर हाडं खिळखिळी करून घ्यायचो. आता आक्का तिकडे भोपळा उचलते, मी इथे चहा पिता पिता म्हणतो, हा ठेव, तो बाजूला कर. पोराने नदीच आटवली की रे!”

आणि खरंच कामाला वेग आला. शंकरला सांगायचं असे, चिदानंदला विचारायचं असे, दोघांचं बोलणं सरत नसे. गौराक्का मात्र पडद्याच्या कोपऱ्यात बसून असत. विचारलं तर म्हणत, “ठीक हाय.” बस्स. ग्रुपच्या गर्दीत आपलं कशाला, म्हणून त्या चिदानंदलाच वेगळा निरोप पाठवत. रोज सकाळी, तोच एक: “भोपळे फिरवले. ठीक.” तंबोऱ्याचा भोपळा वाळताना रोज अंग बदलावा लागतो. एकाच कुशीवर पडून राहिला तर खालून नासतो, मग त्यातून कधी गोड आस, म्हणजे तारेमागे घुमत राहणारा सूर, उमटत नाही. चिदानंदने सुरुवातीला त्या निरोपाला अंगठ्याचं चित्र पाठवलं, मग नुसता वाचला, आणि पुढे त्याची घंटीच बंद करून टाकली. रोज तेच, त्यात पाहायचं काय?

मग काही दिवस मिटिंगमध्ये गौराक्का आल्याच नाहीत. एके सकाळी तो विषय निघाला.

शंकर म्हणाला, “आल्या तरी काय बोलतात? मी म्हणतो, यंदा भोपळे बाहेरून घेऊ. व्यापारी फोनवर चटचट उत्तर तरी देतो.”

चिदानंदने मान डोलावली. “आबा, शंकरदादाचं पटतं मला. आक्कांना या धावपळीतून मोकळं करावं. आवाजच नाही त्यांचा.”

आबा खोकले, उठले, खुंटीवरचा जुना तंबोरा काढला, फोनसमोर मांडी घालून बसले, आणि डोळे मिटून तारा छेडू लागले. कारखाना सुराने भरून गेला. बराच वेळ ते वाजवत राहिले. इकडे चिदानंद संकोचला. कामाची वेळ, पुण्याहून माणूस खोळंबलेला, आणि आबांनी हे काय मांडलंय?

तंबोरा थांबला. आबांनी विचारलं, “शंकर, सूर कसा लागलाय?”

“कसला सूर? तुम्ही नुसती बोटं हलवत होता, बाबा. मला वाटलं नेट गेलं.”

आबा शिष्याकडे वळले. “मघाशी मी खोकलो ते त्याला ऐकू गेलं. तंबोरा का नाही गेला?”

चिदानंद हसला. “ॲपच तसं आहे, आबा. माणसाचं बोलणं तेवढं पुढे धाडतं. एकसारखा चालणारा आवाज आला की पंखा नाहीतर मिक्सर समजून गाळून टाकतं. थांबा, ती सोय बंद करता येते.” त्याने एक बटण दाबलं. आबांनी पुन्हा तारांवर बोट फिरवलं, आणि पुण्याहून शंकर म्हणाला, “अहाहा!”

“यंत्र थोर आहे,” आबा म्हणाले. “नदीपलीकडचं माणूस समोर आणून बसवतं. मी त्याला नावं ठेवणार नाही. पण ते उंच-सखल बोलणाऱ्याला माणूस समजतं आणि अखंड चालणाऱ्याला गोंगाट. ही त्याची समज झाली. आपली तशी नसावी. गवई गातो तेव्हा तंबोऱ्याकडे कुणी बघत नाही, पण तो थांबला की गवयाचा पाय कशावर राहील? आता मला सांग, आक्काचा आवाज यंत्राने गाळला की तू?”

 चिदानंदने गौराक्कांचे निरोप उघडले. भोपळे फिरवले, ठीक. भोपळे फिरवले, ठीक. आणि मग, गेल्या सोमवारपासून, काहीच नाही.

त्याने तिथल्या तिथे, त्याच मिटिंगमध्ये, आक्कांना व्हिडिओ लावला. आधी कौलं दिसली, मग अर्धं कपाळ.

“आक्का, फोन जरा खाली धरा!”

फोन खाली आला. गौराक्का खाटेवर होत्या, पायाला पट्टी बांधलेली. “मळ्यात पाय घसरला रे. शेजारीण भाकरी देते. पण भोपळे पडल्यात एका कुशीवर.”

“मग कळवलं का नाही?”

गौराक्का म्हणाल्या, “रोज लिवत हुते, तवा कुणाचा शब्द नाही आला. म्हटलं, न लिवल्यावर तरी कोण इचारतंय का बघावं.”

 मग शंकर पुण्याहून म्हणाला, “आत्या, चुकलो,” आणि चिदानंद चपला शोधू लागला.

दुपारच्या आत तो नदी ओलांडून गेला. थोडे भोपळे खालून मऊ पडले होते, पण बहुतेक हाताला अजून टणक लागत होते. त्याने एकेकाचं अंग बदललं, आणि आक्कांचा पाय जमिनीला टेकेपर्यंत तिथेच राहिला. सकाळची मिटिंग मळ्यातूनच होऊ लागली, आणि पहिला मान गौराक्कांचा. एकदा बोलायला लागल्यावर त्या अशा बोलू लागल्या की शंकर म्हणाला, “चिदा, हिचं बटण कुठेय बघ रे!” गौराक्का म्हणाल्या, “तुझंच दाबते, ये घरी.”

तंबोरे वेळेवर घडले, वेळेवर गेले. संगीतशाळेने आणखी जोड्या मागवल्या. शंकर नोकरीचा विचार सोडून, पुण्याचं बिऱ्हाड आवरून घरी आला. कारखान्याला लावायला आणलेलं कुलूप आबांनी मळ्यातल्या भोपळ्यांच्या खोलीला दिलं, आणि किल्ली गौराक्कांच्या कमरेला आली.

अजूनही रोज सकाळी त्यांचा निरोप येतो, “भोपळे फिरवले. ठीक.” आणि चिदानंद हातातलं काम ठेवून आधी त्यांना उत्तर लिहितो. जसा त्या घराचा सूर जुळला, तसा तुमच्याही घराचा जुळो.