उभा धागा, आडवा धागा

फार फार जुनी गोष्ट आहे बाळांनो, डोंगर अजून पोरवयात होते तेव्हाची.

त्या डोंगरांच्या कुशीत एक राज्य होतं. केवढं? कावळ्यानं एका टोकाला घास उचलावा आणि गिळायच्या आत दुसऱ्या टोकाला पोचावं, एवढंच. मधून एक नदी वाहायची. वाहायची म्हणजे काय, डुलक्या घेत जायची. नदीच्या वरच्या अंगाला वरची आळी, खालच्या अंगाला खालची आळी. सकाळी धुकं उतरलं की दोन्ही आळ्या त्यात बुडून जायच्या आणि कोणती कुठली ते देवालाही कळायचं नाही.

हे राज्य विणकरांचं. त्यांची रीत अशी, की कापडाचा उभा धागा वरच्या आळीनं कातायचा आणि आडवा खालच्या आळीनं. एका आळीचं कापड कधी होतच नसे. पूर्वजांनी ही रीत का घातली असेल ते तुम्हीच समजून घ्या. कापड मात्र असं व्हायचं, की वाळत घातलं तर धुकंच दोरीवर अडकलंय असं वाटावं.

मग एका लग्नात दोन म्हातारे जेवता जेवता भांडले. वरच्या आळीचा म्हणाला, "कापड आमच्या उभ्या धाग्यावर उभं आहे."

खालच्या आळीचा म्हणाला, "नुसते उभे धागे म्हणजे पावसाची धार. कापड करतो तो आमचा आडवा."

म्हातारे जेवून उठले, भांडण काही उठलं नाही. ते गेलं राजाकडे. राजा भला माणूस. त्याला दोन्ही बाजू ऐकायला फार आवडायचं. तो म्हणाला, "सभेत ठरवू. निकाल लागेपर्यंत कुणी माग चालवू नये, उगाच कुणाचा अपमान नको."

निकाल लागेना. एक वर्ष गेलं, दोन गेली, बारा वर्षं गेली. मागांवर कोळ्यांनी जाळी धरली. मीठ, भांडी, अंगावरचं कापडसुद्धा घाटाखालच्या राज्यातून यायला लागलं. तरणी पोरं एकेक करून घाट उतरून गेली.

सभा मात्र भरभराटीला आली. आता विषय जरा वाढला होता. आपलं राज्य थांबलं कशामुळे, यावर लोक बोलायचे. काय बोलायचे म्हणून सांगू. शब्द असे मऊ यायचे, की ऐकणाऱ्याच्या पापण्या जड व्हाव्यात. वरची आळी म्हणायची खालच्यांमुळे थांबलं, खालची म्हणायची वरच्यांमुळे. जो सगळ्यांत गोड बोलेल त्याला राजा शेला पांघरवायचा. लोक झोपेतून जागे झाल्यासारखे टाळ्या वाजवायचे आणि घरी जायचे.

वरच्या आळीत येसा नावाची साळीण राहायची. तिचा मुलगा दहा वर्षांपूर्वी घाट उतरून गेला होता. घरात उरली होती लेक, गिरजा.

एका सकाळी भाकरी थापता थापता गिरजा म्हणाली, "आई, पुनवेनंतर मी जाते. आत्याची नणंद घाटाखाली सूत कातते, ती मला ठेवून घेईल."

शेजारी पीठ मळणाऱ्या येसाचा हात थांबला. "थोडं थांब गं. या सभेत निकाल लागेल म्हणतात."

"दादा निघाला तेव्हाही तू हेच म्हणाली होतीस."

"तेव्हा खरंच वाटलं होतं."

"मग आत्ता?"

येसा पीठ मळत राहिली. भाकरी करपली.

त्या दिवशी येसा सभेला गेली, अगदी पुढे जाऊन बसली. वरच्या आळीच्या म्होरक्यानं सुरुवात केली. तो म्हणाला, "हे राज्य म्हणजे एक वृक्ष. वृक्ष उभा असतो. आडवा झाला की त्याला लाकूड म्हणतात." वरची आळी खूश झाली.

खालच्या आळीचा म्होरक्या उठला. "बरोबर. पण माणसाला झोप लागते ती आडवं झाल्यावर. आमचे मित्र उभ्यानं झोपतात, म्हणून असं बोलतात." खालची आळी हसून लोळली. राजालाही हसू आलं. त्यानं खूण केली आणि कारभाऱ्यानं त्या म्होरक्याच्या खांद्यावर पांढरा शेला घातला.

शेल्याचं टोक येसाच्या अगदी समोर लोंबत होतं. तिनं सहज हात लावला. मग दोन्ही हातांनी धरलं. टोकाच्या सुट्या धाग्यांना, म्हणजे दशांना, पीळ दिलेला होता, आणि तो पीळ उलटा होता. डावखुऱ्या माणसाचा. तिचा मुलगा डावखुरा. लहानपणी तिनंच त्याला दशा वळायला शिकवल्या होत्या, आणि "उलटं नको रे" म्हणून हजारदा टोकलं होतं.

"अहो साळीणबाई, शेला सोडा," म्होरक्या म्हणाला. "मिळवायचा असेल तर बोलावं लागतं."

येसा उठून उभी राहिली. सभेच्या कडेला शेले आणणारा व्यापारी बसला होता, तिनं त्यालाच विचारलं. "दादा, हे कोण विणतं?"

व्यापारी बिचारा सरळ माणूस. म्हणाला, "घाटाखाली एक माग आहे, मावशी. दोघं चालवतात. एक डावखुरा आहे, तुमच्या या वरच्या आळीतलाच. दुसरा खालच्या आळीतला. एक उभे धागे लावतो, दुसरा आडव्या धाग्याचा धोटा फेकतो."

"भांडत नाहीत?"

"भांडतात की. पण धोटा फेकता फेकता."

येसा राजाकडे वळली. "महाराज, आपली पोरं का गेली हे जो चांगलं सांगतो, त्याला आपण त्याच पोरांनी विणलेलं पांघरवतो. आता माझी लेक निघाली आहे. पुढच्या साली कुणाच्या तरी खांद्यावर तिचं सूत येईल. तेव्हा मी बोटानं चाचपून बघायचं, एवढंच माझ्या हातात ठेवणार का तुम्ही?"

मग कुणीतरी "वाहवा" म्हणालं. मग सगळेच म्हणाले. म्होरक्यांनी डोळे पुसले. राजा गहिवरून म्हणाला, "इतकं सुंदर आजवर कुणी बोललं नाही." त्यानं म्होरक्याच्या खांद्यावरचा शेला काढून येसाच्या खांद्यावर घातला. "हा मुद्दा पुढच्या सभेत सगळ्यांत आधी घेऊ."

येसानं शेला अंगावरून उतरवला. क्षणभर गालाला लावला. दहा वर्षांत लेकाच्या हाताचं तिला एवढंच मिळालं होतं. मग खाली बसून मांडीवर पसरला, कमरेच्या पिशवीतून कातर काढली आणि ऐन मधोमध वीतभर चौकोन कापून घेतला. जवळच्या बायांनी तोंडाला पदर लावला.

तिनं त्या तुकड्याचा एकेक धागा सोडवला आणि सगळा गुंता दोन्ही म्होरक्यांसमोर ठेवला.

"घ्या. उभे कोणते, आडवे कोणते, तेवढं वेगळं करा. निकाल लागेल."

दोघं वाकले. सगळे धागे सारखेच वीतभर, सारखेच पांढरे, सारखेच एकमेकांत राहून वाकडे झालेले. एकानं एक उचलला, "हा आमचा." दुसरा म्हणाला, "कशावरून?" पहिल्यानं तो उजेडात धरला, फिरवला, पुन्हा धरला. राजा सिंहासनावरून उतरून आला. त्यालाही ओळखू येईना.

येसानं भोक पडलेला शेला घडी करून काखेत घेतला आणि ती चालू लागली. सभेतून उठून जायची त्या राज्यात पद्धत नव्हती. ती नदीपाशी आली, होडीत बसली आणि खालच्या आळीला उतरली. तिथं एक म्हातारी दारात बसली होती.

"सूत आहे का गं तुझ्याकडे?" येसानं विचारलं.

"बारा वर्षांचं पडलंय. निकाल लागला का?"

"नाही."

म्हातारी उठली. मग ती आत गेली आणि टोपलं घेऊन आली. "उंदरांनी थोडं खाल्लंय. त्यांनी काही निकालाची वाट पाहिली नाही."

दुसऱ्या दिवशी धुक्यातून येसाच्या मागाचा आवाज यायला लागला. खट्, खट्, खट्. झोपेत कुणी नाव घेऊन हाक मारावी तसा तो आळीभर फिरला. लोक दारात येऊन उभे राहिले. एकानं आपल्या मागावरची जाळी झाडली. नदीच्या त्या अंगाला कुणीतरी चरखा बाहेर काढला. राजाला कुणी विचारायला गेलं नाही, आणि त्यानंही कुणाला अडवलं नाही. पुढच्या सभेला दोन म्होरके, तो गुंता आणि राजा, एवढेच होते. त्या पुढच्या सभेला राजाही आला नाही.

मुलगा परत आला का, म्हणून विचाराल. एका दिवाळीला आला, पाहुण्यासारखा. आईचं कापड बोटांत धरून पाहिलं, "बरं जमलंय" म्हणाला आणि परत गेला. त्याची बायकापोरं तिकडेच होती. उशीर झाला की सगळंच हाती लागत नाही.

आणि गिरजा? पुनवेच्या दुसऱ्या सकाळी ती धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरायला बसली. दुपारी एवढंच म्हणाली, "हा एक शेला होईपर्यंत थांबते." तो झाला तेव्हा दुसरा मागावर चढला होता.

म्हणून लक्षात ठेवा: दोष कुणाचा ते ठरवत बसलेल्या घरातून आधी पोरं उठून जातात.