तोफेच्या पोथीची कापाकापी

पाहुणे राजे आले, पोटभर जेवले, निघूनही गेले. पण सलामीची तोफ काही उडाली नाही! धारेराव महाराजांनी गोलंदाजाला दरडावलं, "झोपला होतास काय रे?"

"नाही महाराज, वाचत होतो!" त्याने जाडजूड पोथी पुढे केली. नवी तोफ कशी चालवावी, हे दिवाणजींनी तीत लिहिलं होतं.

महाराजांनी लेखनशाळेच्या सगुणाबाईंना बोलावलं. कुंभाराची ही हुशार लेक दरबारच्या होतकरू लेखनिकांना शिकवायची.

"ही पोथी सुटसुटीत करा."

दिवाणजी उसळले, "माझं एक अक्षरही गाळायचं नाही!"

"नका गाळू," महाराज म्हणाले. "पण काम करणाऱ्याला एका वेळी एकच ओळ वाचावी लागली पाहिजे. उद्या सकाळपर्यंत! नाहीतर शाळेला कुलूप!"

विद्यार्थ्यांची तोंडं उतरली. अंबाजी म्हणाला, "बाई, अक्षर बारीक काढू?"

"वाचणाऱ्याचे डोळे फोडायचेत का?" सगुणा म्हणाली. पोथी चाळता चाळता ती थांबली. "प्रत्येक ओळ कुणाला लागते आणि तो तेव्हा कुठे उभा असतो, तेवढं सांगा. आणि कात्री आणा!"

सकाळी पोथीचं नुसतं वेष्टन उरलं होतं! दारूच्या कोठाराच्या दारावर चिकटवलं होतं, 'विस्तव बाहेर ठेवा.' तोफेच्या चाकावर, 'पाचर मारली का?' तोंडाजवळ, 'इथे उभे राहू नका.' गोलंदाज एकेक ओळ वाचत पुढे सरकला, बत्ती दिली आणि धडाम! महालावरची सगळी कबुतरं उडाली.

दिवाणजी मात्र ओळी तपासत फिरले आणि लालबुंद होऊन परतले. "फसवणूक, महाराज! आरंभी मी आपली स्तुती लिहिली होती. चांगली लांबलचक! तीच गाळली!"

"गाळली नाही," सगुणा म्हणाली. "महाराजांच्या आरशाभोवती लावली आहे. ज्याची ओळ त्याच्यासमोर!"

महाराजांनी भुवया चढवल्या. "ती वाचता वाचता दुपार होईल! एकच ओळ ठरली होती ना?"

"ती काम करणाऱ्याला, महाराज! आरशापुढे कोण काम करतं?"

मग महाराज असे हसले, असे हसले, की पगडी घसरून नाकावर आली.

"शाळेला बागेतला मोठा महाल द्या! सगुणाबाईंना सोन्याचं कडं! आणि दिवाणजी, उद्यापासून तुम्ही त्यांच्या वर्गात, पुढच्या रांगेत!"