माईंनी दिलेला नेम

एकदा एका कापडाच्या व्यापाऱ्याला आपल्या गावातल्या बायकांचे भले करावेसे वाटले. गंगाधरशेट त्यांचे नाव, माणूस मनाने उदार. त्यांनी बाजारपेठेत विजेवर चालणारी बारा शिलाईयंत्रे मांडली, वर पंखे लावले आणि बारा घरच्या बारा बायकांना शाळेचे गणवेश शिवायच्या कामावर घेतले. देखरेखीला हेमांगी होती. ती शहरात समाजशास्त्र शिकून आलेली आणि लहानपणापासून माईंची शिष्या. माई म्हणजे देवळात चातुर्मासाची पोथी सांगणाऱ्या वृद्ध विदुषी. साऱ्या गावाला त्यांचा शब्द मोलाचा.

समाज पायरी-पायरीने वर चढतो, असे हेमांगी शिकली होती. यंत्र आले, हाती पगार आला, की बाई आपोआप मोकळी होते. जुने तेवढे वाटेतून बाजूला व्हायला हवे.

पण तीन महिन्यांत भलतेच दिसू लागले. बायका उशिरा येत, दुपारी यंत्रावरच पेंगत. एके दिवशी सोजरच्या, म्हणजे त्यांतल्या सर्वांत तरबेज बाईच्या, बोटातून सुई आरपार गेली. शेट वैतागले. "दिवाळीच्या आत गणवेश झाले नाहीत तर यंत्रं परत पाठवतो. यांना पुढं जायचंच नाही, त्याला मी काय करू?"

हेमांगी रडकुंडीला येऊन माईंकडे गेली. "माई, बारा जणींचं काम जाईल हो. आषाढी तोंडावर आली, आता यांचे आणखी उपास सुरू होतील. तुम्हीच सांगा ना त्यांना, हे जुनं सोडा म्हणून."

माई वाती वळत होत्या. म्हणाल्या, "काल सोजर काय जेवली?"

"ते मला कसं ठाऊक असणार?"

"मग विचारून ये."

सोजर बोटाची पट्टी सावरत म्हणाली, "भात संपला व्हता ताई. भांड्याच्या बुडाची खरवड व्हती, तीच खाल्ली. रोजचंच हाय की."

हेमांगीने ते जसेच्या तसे माईंना सांगितले. माईंनी वळलेल्या वाती डबीत भरल्या.

एकादशीला देवळात नेम घ्यायला बायकांची रांग लागली. चातुर्मासात आपण काही ना काही सोडतोच; कुणी वांगे सोडते, कुणी गोड. पण त्या दिवशी माईंनी एकीलाही नेम दिला नाही. "तुमचा लग्नापासून चालूच आहे गं बायांनो," म्हणाल्या, आणि त्या बारा घरच्या पुरुषांना पुढे बोलावले. त्यांच्याही आधी शेटना. त्यांच्या हातावर पाणी घातले. "म्हणा, चार महिने घरची बाई पोटभर जेवून उठल्याखेरीज मी पानावर बसणार नाही."

सारे देऊळ हसले. शेटही हसले. "एवढंच होय माई? मी तर अन्नदान सांगाल म्हणून तयारीनं आलो होतो." शेटनी पाणी सोडले म्हटल्यावर बाकीच्यांना मागे सरता येईना.

हेमांगी मात्र खट्टू झाली. यंत्रे परत जायची वेळ आली, आणि माईंचे हे काय चालले आहे!

दुसऱ्या दिवशी शेट जेवायला घरी आले. त्यांच्या पत्नी इंदुमतीबाई अजून पाणी भरत होत्या. मग सासूबाईंचे औषध, मग पोळ्या, मग मुलांची आणि दुकानातल्या माणसांची पाने.

"अगं, बस की आता."

"सगळ्यांच्या आधी कशी बसू? घास नाही उतरायचा."

"तू उठल्याशिवाय मला बसता येत नाही!"

दोन वाजले. इंदुमतीबाई जेवून उठल्या आणि शेट सर्वांच्या शेवटी पानावर बसले. पानात मूठभर भात, आमटीचा तळ आणि वाळकी अर्धी पोळी.

"एवढंच?"

"आज तसं बरंच उरलंय की," त्या सहज म्हणाल्या.

शेट घास हातात धरून त्यांच्याकडे पाहत राहिले. सव्वीस वर्षांच्या संसारात हे पान त्यांनी पाहिलेच नव्हते. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः दोन मापे तांदूळ जास्त काढले, आईचे औषध आपल्याकडे घेतले आणि घागर उचलली. जेवण लवकर मिळायला दुसरा उपायच नव्हता.

सोजरचा नवराही हंडा घेऊन नळावर दिसू लागला. पारावरचे मित्र ओरडले, "काय रे पाणक्या!" तो म्हणाला, "गप बसा. ती जेवून उठस्तवर मला भाकर न्हाई."

श्रावण लागेतो बायका वेळेवर येऊ लागल्या. सोजरचे बोट बरे झाले. दिवाळीला आठ दिवस असतानाच शेवटचा गणवेश घडी होऊन पेटीत गेला, आणि यंत्रे जागच्या जागी राहिली.

कार्तिकी द्वादशीला उद्यापन होते. हेमांगीने विचारले, "माई, हे सरळ सांगितलं असतं तर?"

"तर वाद झाला असता. नेमाशी कोण वाद घालतो?" माई हसल्या. "तुझं शिक्षण खोटं नाही, पोरी. यंत्र हवं, पगारही हवा. पण ते उंबऱ्याशी येऊन थांबतं. आत कोण शेवटी जेवतं, ते त्याला दिसत नाही. तू ज्या जुन्याला अडचण म्हणत होतीस, तेच मी आत पाठवलं. त्याला घरातली वाट माहीत होती."

हेमांगीने वाकून नमस्कार केला.

अंगणात पाने मांडली गेली. माई पुरुषांना म्हणाल्या, "नेम आज सुटला. बसा आता तुम्ही."

कुणी हलेना. शेटनी शेल्याचा पदर कमरेला खोचला आणि वाढायचे ताट हाती घेतले. "माई, अजून सवय मोडलेली नाही. आधी बायकांना बसू द्या."

इंदुमतीबाई आणि त्या बारा जणी बसल्या. सुरुवातीला सगळ्याच संकोचलेल्या. मग पंगतीच्या टोकाकडून सोजरचा खणखणीत आवाज आला, "ओ शेट, हिकडं मीठ ऱ्हायलं की!"

आणि शेट मीठ घेऊन धावले.

आज आपल्या घरी सर्वांत शेवटी कोण जेवले आणि तेव्हा भांड्यात काय उरले होते, एवढे आपणही एकदा पाहावे.