मानाचा पहिला घोट

एकदा, लई लई दिसांमागं, जवा डोंगरांना अजून मिसरूडबी फुटलं नव्हतं, तवाची ही गोष्ट. पोरांनो, कान इकडं करा. अन् पोरांच्या आज्यांनो, तुमीबी. पेंगल्याचं सोंग मला कळतंय.

एका रानात एक तळं व्हतं. तळ्यात एक म्हातारी कासवीन राहायची. तिला एकच खोड. कुनी काय बोललं, की मान भायेर काढून इचारायची, "म्हंजी काय?" न्हाईतर, "ते कशासाठी?" सशानं म्हनावं, "आज लई ऊन हाय," तर ही म्हनायची, "लई म्हंजी किती? अन् कुनाला लई?" ससा पळून जायचा. समदेच पळून जायचे.

पळायची न्हाई ती एकटी म्हस. दुपारी ती आपल्या रेडकाला घेऊन तळ्यात बसायची, अन् कासवीन तिच्या पाठीवर चढून ऊन खायची. "इचार गं आक्के, इचार," म्हस म्हनायची. "मला काय, रवंथ करताना कायबी ऐकू येतं."

त्याच रानात तिघं शानी व्हती. खंड्या पक्षी आधी डोळ्यानं बघनार, चोचीनं चाखनार, मगच बोलनार. मुंगी समदं मोजनार, पानाच्या शिरासुदिक तिला पाठ. अन् कोल्होबा एका गोष्टीतून दुसरी गोष्ट अशी काढनार, जसा शेंगंतून दाना. ही तिघं कधी खोटं बोलली न्हाईत. हे मी चेष्टेनं सांगत न्हाई, ध्यानात ठेवा.

एक दिस खंड्या कावला. "पानी गढूळ! मासा म्हनून दिसत न्हाई!"

रानाचा पाटील म्हातारा सांबर व्हता. त्यानं वडाखाली पंचायत बसवली.

खंड्या बघून आला अन् म्हनला, "म्हस बसते तितनंच गाळ उठतो."

मुंगी मोजून आली. "समद्या जनावरांच्या अंगाला मिळून जेवढा गाळ, त्याच्या दुप्पट एकट्या म्हशीच्या पोटाला."

कोल्ह्यानं शेपटी झटकली. "रानाचा कायदा काय? जो तळं गढूळ करील, त्यानं तळ्यात यायचं न्हाई. तळं गढूळ करतं कोन? म्हस. तर मग?"

"तर मग म्हशीनं यायचं न्हाई!" समदी वरडली.

कासविनीनं मान भायेर काढली. "पन पानी साफ हवं, ते कशासाठी? चांगलं तळं म्हंजी काय?"

असा हशा पिकला, की वडावरची माकडं फांदी सोडून खाली पडली.

"आली म्हातारी!" कोल्हा म्हनला. "अगं, डोळे न्हाईत का तुला? साफ म्हंजी साफ!"

"हिचा सवाल मोजता येत न्हाई," मुंगी म्हनली. "सोडून द्या."

म्हस उठली. आता म्हशीला डुंबायजोगं पानी म्हंजी डोंगरापल्याडची नदी, अन् नदीत मगर. हे समद्यांना ठावं व्हतं, पन कायद्यापुढं कोन बोलनार? "येते गं आक्के," एवढंच ती म्हनली. रेडकू आईच्या पोटाखालनं तुरुतुरु गेलं. कासवीन बघत राहिली. तिनं नदीला जायचं म्हनलं असतं, तर वाटंतच पावसाळा गाठला असता.

हळूहळू तळं निवळलं. निवळलं म्हंजी काय, निवळशंख झालं! हरनी तर रोज आपल्या डोळ्यातलं काजळ बघायला यायची. "वा! काय पानी!" म्हनायची अन् मान वेळावत जायची.

पन कासविनीनं एक गंमत हेरली. वाहवा करायला समदी यायची, प्यायला कुनीच येत नव्हतं. जो तो हळूच मागच्या झऱ्याला जायचा. तितली धार करंगळीएवढी, अन् रांग पार टेकडीपत्तर. तितं नंबर लावून प्यायचं, अन् पुन्हा तळ्यावर येऊन म्हनायचं, "वा!" पानी वाईट म्हनावं, तर शानी तिघं खोटी पडायची, अन् ती तर कधी खोटं बोलत नव्हती.

अशात एका बगळ्यानं खबर आनली. मगरीनं रेडकाच्या शेपटीचा गोंडा तोडला.

कासविनीनं मनाशी म्हनलं, आज गोंडा गेला, उद्या रेडकू जाईल. पन सरळ इचारावं, तर पुन्हा माकडं फांदीवरनं पडनार. म्हातारी इचार करत बसली. मग गालात हसली, अन् पाटलाकडं गेली.

"पाटील, एवढं झकास तळं केलं त्या तिघांनी. त्यांचा काय मानपान करनार का न्हाई? समद्यांदेखत पहिला घोट त्यांनी घ्यावा. मानाचा घोट!"

पाटील खूश. पाटलाला फुकटातला मान द्यायला लई आवडतं.

पळसाच्या पानाचे द्रोन भरले. तिघं पुढं आली. खंड्या बघतोय कोल्ह्याकडं, कोल्हा बघतोय मुंगीकडं, मुंगी बघतीय भुईकडं.

"तुमी आधी, कोल्होबा."

"छे छे, खंड्यादादा, मान तुमचा."

"मला तर आज तहानच न्हाई," मुंगी म्हनली. "अन् लागली तरी ती केवढीशी!"

"घ्या की," कासवीन म्हनली. "साफ म्हंजी साफ."

कोल्ह्यानं डोळे मिटून घोट घेतला. काकडी समजून कडू भोपळा चावावा, तसं त्याचं तोंड झालं. आक् थू! थेट पाटलाच्या खुरावर.

"सडलंय हे!"

मग एकदम गलका झाला. "व्हय व्हय, वास मारतोय! मला कवाच कळलं व्हतं!" सगळ्यात मोठ्यानं हरनी बोलत व्हती.

कोल्हा रडकुंडीला आला. "पन आमचं चुकलं कुठं? खंड्यानं खरं बघितलं. मुंगीनं खरं मोजलं. मी नीट जोडलं."

"कुठंच चुकलं न्हाई," कासवीन म्हनली. "तुमी साफ पानी मागितलं, तुमाला साफ पानी गावलं. रानाला हवं व्हतं पिन्याजोगं पानी. ते कुनी मागितलंच न्हाई."

"मग सांग की आता, सडलं कशानं?"

"मला काय ठावं! मला नुसतं इचारता येतं बाबा. अन् नुसतं इचारून रेडकू वाचत न्हाई. बघा, मोजा, जोडा. पन बिगीबिगी!"

खंड्यानं बुडी मारली. वर येऊन म्हनला, "तळाला गवतच गवत. वरचं वाढतंय, खालचं सडतंय. मासा एक न्हाई."

"आँ?" पाटील म्हनला. "मग इतके दिस तू खात काय व्हतास?"

"नाकतोडे," खंड्या लाजून म्हनला.

मुंगी काठाकाठानं फिरून आली. "गवत काल व्हतं त्याच्यापरीस आज जास्त, अन् उद्या आजच्याहून जास्त. थांबायचं नाव न्हाई."

कोल्ह्यानं कपाळ खाजवलं. "हे गवत आधी खायचं कोन? म्हस. बसता-उठता उपटायचं कोन? म्हस. म्हस गेली, गवत माजलं. माजलं ते सडलं, अन् पानी नासलं. तर मग..."

यावेळी कुनी वरडलं न्हाई. समद्यांनी कासविनीकडं बघितलं.

"म्हंजी काय?" ती हळूच म्हनली.

"म्हंजी," कोल्हा म्हनला, "म्हशीला बोलवा."

खंड्या बानासारखा सुटला. कासवीन डोंगराकडं तोंड करून बसली. त्या दिवशी तिनं कुनाला काय इचारलं न्हाई. मग लांब धुरळा दिसला. धुरळ्यात म्हस दिसली. अन् म्हशीच्या पोटाखाली, बिनगोंड्याची शेपटी हलवत, रेडकू! कासविनीनं धरून ठेवलेला श्वास सोडला, तर समोरचा पाला उडाला.

म्हस काठावर थांबली. "का हो कोल्होबा? कायदा बदलला, का माझं पोट आत गेलं?"

"आमचं डोकं बदललं, माय. बस आता, लाजवू नगंस."

धप्प! गाळ उडाला तो पाटलाच्या शिंगापत्तर. पन पाटीलबी हसला. कासवीन पाठीवर चढली अन् पाय पसरून ऊन खाऊ लागली.

तवापासनं त्या रानात चाल पडली. पंचायतीत पहिला सवाल कासविनीचा, अन् मग बघनं, मोजनं, जोडनं त्या तिघांचं. म्हातारी फारच लांबवाय लागली, की पाटील म्हनायचा, "आक्के, आता त्यांना कामाला लागू दे." पानी थोडं गढूळच असायचं. द्रोनात घेऊन जरा निवळू द्यायचं, अन् गटागट प्यायचं.

झाली गोष्ट. आता पेंगनाऱ्यांनी खुशाल पेंगावं, पन एवढं उशाशी घेऊन: आधी "कशासाठी" ते इचारावं, मग बघावं, मोजावं, जोडावं, यातलं एकटं कुनीच पुरं पडत न्हाई.