खालच्यांचा घास

फार फार वर्षांपूर्वी, माणसाने पहिली होडी पाण्यात लोटली त्याच्याही आधी, एक समुद्र होता. लहानांनो, आणि लहानांच्या आडून ऐकणाऱ्या मोठ्यांनो, समुद्र म्हणजे नुसते पाणी असे समजू नका. ते एक मोठे मजल्यामजल्यांचे घर आहे.

सगळ्यात वर उजेडाचा मजला. तिथवर ऊन पोहोचते, म्हणून पाण्यात बारीक हिरवळ धरते आणि सगळ्यांची पोटे तिच्यावरच चालतात. त्याखाली सांजेचा मजला; भर दुपारीही तिथे तिन्हीसांजेएवढाच उजेड. त्याखाली अंधाराचा मजला, आणि सगळ्यात खाली थंडगार तळ.

उजेडाच्या मजल्यावर एक जुनी रीत होती. जेवताना पहिला घास खाली सोडायचा. त्याला 'खालच्यांचा घास' म्हणत. तो का सोडायचा, हे कुणी विचारत नसे. आजी सोडायची म्हणून आई सोडायची, आणि आई सोडायची म्हणून पोरे सोडायची.

पुढे एक सरंगा मासा मुखिया झाला. रुपेरी, गोल गरगरीत आणि स्वतःच्या चकाकीवर भलताच खूश. त्याने सभा भरवली आणि खाली कोण राहते हे कुणी पाहिले आहे का, असे विचारले. कुणीच पाहिले नव्हते. त्यानेही पाहिले नव्हते, पण मुखियाला तेवढे चालते.

"आपण राबायचं आणि खालच्यांनी आयत्या पिठावर रेघोट्या ओढायच्या," तो म्हणाला. "आजपासून घास बंद. तो पोवळ्यांच्या गुहेत साठवायचा."

सगळ्यांनी माना डोलावल्या. भरलेले कोठार कुणाला नको असते?

काही दिवस मजेत गेले. मग वारा फिरला, आणि दरवर्षीसारखे तळाचे गार पाणी वर येऊ लागले. हे पाणी आले की हिरवळ तरारून उठते, हे सगळ्यांना ठाऊक होते. पण यंदा हिरवळ धरेचना. एका तारली मासळीची पिल्ले नुकतीच अंड्यांतून बाहेर आली होती. त्यांच्या इवल्या तोंडांना हिरवळच लागे, आणि पिल्ले दिवसेंदिवस वाळत चालली. तारली कोठाराकडे धावली. दार जरासे उघडले, तर आतून असा भपका आला की खेकडेसुद्धा मागे सरले. साठवलेले सगळे कुजले होते. सरंग्याने घाईने दार लावले आणि थोडा धीर धरा म्हणून सांगितले.

पण भुकेल्या पोरांच्या आईला कसला धीर? गार पाणी यंदा रिकाम्या हाताने का आले, हे खाली जाऊनच विचारायचे तिने ठरवले. सभांना कधीच न येणारी एक देवमाशीण दहा हातांचे माकूळ धरायला रोज खोल बुडी मारत असे. तारलीने तिला गळ घातली.

"बस माझ्या गालात," देवमाशीण म्हणाली. "आणि भिऊ नकोस. तुझ्याएवढ्यानं माझा दातही खरकटा होत नाही."

मग दातांच्या फटीतून तारलीने आपलेच घर पहिल्यांदा पाहिले. सांजेच्या मजल्यावर कंदीलमासे पोटाखाली दिवे लावून फिरत होते. त्यांनी आधी घासाचीच चौकशी केली. अंधाराच्या मजल्यावर तर नवलच होते. कुणी नाकापुढे दिवा टांगून बसले होते, कुणी निळ्या ठिणग्या उधळत होते. ज्यांना ऊन मिळाले नाही, त्यांनी आपापला उजेड करून घेतला होता. तारली क्षणभर आपले दुःखच विसरली. पण दिवे तेजाळ असले, तरी पोटे खपाटीला गेली होती.

तळावर काकडीसारख्या लांबट अंगाची एक म्हातारी समुद्रकाकडी चिखलात बसली होती. तिच्यापुढे वरून पडलेला एकच जुना कण होता. तिने त्याचे दोन भाग केले. एक खाल्ला. दुसरा चिखलात कालवून गार पाण्याच्या वाटेवर नीट ठेवला.

"आजी, तुम्हीच उपाशी," तारली म्हणाली. "मग हा कुणासाठी?"

"हा वरच्यांचा घास गं. आमची रीतच आहे ती. गार पाणी वर नेतं. यंदा फार थोडा जातोय, त्याची लाज वाटते बघ."

"वर कोण राहतं, ठाऊक आहे तुम्हाला?"

"नाही बाई. पण असेल ना कुणीतरी, ज्याची पोरं भुकेली असतील."

तारलीला रडू कोसळले. समुद्रात रडलेले दिसत नाही, म्हणून बरे.

वर येऊन तिने भरसभेत सगळे जसेच्या तसे सांगितले. सरंगा कुणाला न सांगता गुहेपाशी गेला आणि त्याने स्वतः दार ढकलले. कुजलेला साठा भुरभुरत खाली निघाला. वरच्यांनी नाके मुरडली. खालच्यांना मात्र त्याचाच घमघमाट आला. सांजेच्या मजल्यावर पंगती बसल्या, अंधाराच्या मजल्यावर एकूणएक दिवे लागले, आणि तळावर म्हातारी पोटभर जेवून चिखल कालवायला बसली.

वारा अजून वाहतच होता. गार पाणी पुन्हा वर आले, ते या खेपेला भरल्या हाताने. हिरवळ अशी दाटली की तारलीची पिल्ले तिच्यात लपाछपी खेळू लागली, आणि खेळता खेळता गुटगुटीत झाली.

तेव्हापासून उजेडाच्या मजल्यावर सगळ्यांत मोठा पहिला घास सरंग्याचा असतो. त्यावरून पोरे त्याला चिडवतात आणि तो खुशाल चिडवून घेतो. तारलीची पिल्ले मात्र घास सोडताना खाली वाकून हाक मारतात, "आजी, जेवलीस का?"

तात्पर्य: न पाहिलेल्यांसाठी सोडलेला घास फिरून आपल्याच लेकरांच्या पोटात येतो.